वाटेवरचं पाणी

सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चपासून जुन्या गोव्याला पायी जायचं तर सत्तरेक किलोमीटर पडतात. बांदा, पत्रादेवी, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर. 24 नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली की सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार अशा सगळ्या बाजूंनी माणसं चालत निघतात आणि 3 डिसेंबरच्या फेस्ताआधी बाँ जेझूच्या बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला पोचतात. झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले आणि 1552 मध्ये याच 3 डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळ शांगचुआन बेटावर वारले. गोव्यात आजही त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि या हाकेला धर्माची अट नाही.

आमच्या यवतमाळच्या गटानं ही वाट धरली ती नवसापायी नव्हे. आम्ही पहाटे निळोण्याच्या रस्त्याला चालणारी माणसं. कुणी शिक्षक, कुणी बँकेतलं, एक नर्स, एक कृषी केंद्रवाला. ‘एवढं अंतर सगळ्यांनी मिळून पार करून दाखवायचं’ असं ठरलं आणि तयारी सुरू झाली. एका रविवारी कळंबच्या चिंतामणीपर्यंत चालून पाय तपासले. ग्लुकोज, ओआरएस, खजूर, पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या, घड्याळात मोजली जाणारी पावलं. वाटेत कुणापुढे हात पसरावा लागू नये, असा सगळा बंदोबस्त होता आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता.

गटात ख्रिस्ती मी एकटीच, आणि तीही फ्री मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, घरातली. यवतमाळात आमच्या मंडळीची मुळं जुनी आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला हलली, तोवर इथंच होती. पण आमच्याकडे तीर्थ नाही, यात्रा नाही. मार्टिन ल्यूथरनं 1520 मध्येच लिहून ठेवलं होतं की रोमच्या यात्रा बंद कराव्यात. त्याचा मुद्दा असा की माणूस घरच्यांना उपाशी ठेवून पुण्य शोधायला जातो. हा मुद्दा मला आजही खोटा वाटत नाही. त्यामुळे बॅसिलिकेत ठेवलेल्या संताच्या अवशेषांकडे चालत निघताना मनात थोडी ओढाताण होती.

आजी आठवत होती. ती बायबलबाई होती. हिवाळ्यात पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका घालून ती यवतमाळच्या आसपासची खेडी पायी हिंडायची. तिच्या चालण्याला पोचायचं असं ठिकाण नव्हतं. ज्या घरी बसवून घेतील तिथं ती बसायची. पाणी मात्र सगळीकडे सारखं मिळायचं नाही. आमचं मूळ कुठलं हे गावाला ठाऊक असायचं. काही दारांत तिला ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतत. ती ते प्यायची आणि पुढं जायची. ज्या बायांनी तांब्या हातात दिला, त्यांची नावं मात्र तिला म्हातारपणीही पाठ होती. रात्री प्रार्थनेत ती ही नावं घेत असे. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत ज्यांनी नवा करार दिला, ते अर्नेस्ट वॉर्ड फ्री मेथडिस्टच होते, ही गोष्ट आजीची फार आवडती. एका प्रवाशानं दुसऱ्याला काही दिलं आणि त्यानं ते घेतलं, यातच तिला सगळं दिसे.

बांद्याला आम्ही उजाडण्याआधी पोचलो. हायवेच्या कडेला एका घरासमोर प्लास्टिकचं टेबल मांडलेलं, त्यावर केळ्यांचा फणा, झाकलेलं पातेलं, स्टीलचे पेले. मागे अंगणात तुळशीपुढे दिवा. साठीच्या एक बाई स्वेटरवर पदर घेऊन उभ्या होत्या.

“खंयसून इलात?”

“यवतमाळहून.”

“लांब मगे!” म्हणून त्यांनी एका बशीत गुळाचे खडे पुढे केले आणि पेले भरायला घेतले.

आमचे कृषी केंद्रवाले काका जरा अवघडले. “राहू द्या जी, आहे आमच्याजवळ,” म्हणत त्यांनी पाठीवरची नळी दाखवली.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “तुमचा तुमच्याकडे ऱ्हवांदे. ह्यां माझा घेवा.”

काकांनी पेला घेतला. मीही घेतला. बाईंची बोटं पेल्याला आणि माझ्या बोटांना लागली, एवढंच झालं. आजीनं ज्यांची नावं पाठ केली होती त्या बाया मला त्या क्षणी कळल्या. आणि हेही कळलं की घरून भरून आणलेल्या पाण्यावर सबंध वाट चाललो असतो, तर ती वाट आम्हाला भेटलीच नसती.

युरोपातही अशी एक यात्रेची वाट आहे, सांतियागो दे कोंपोस्तेलाची. 1985 मध्ये ती पुरी करून प्रमाणपत्र घेणारे सातशेही नव्हते. 2024 मध्ये जवळपास पाच लाख झाले. आता तिथं जगभरचे गट आव्हान म्हणून येतात. ही वाट पुन्हा उभी केली ती एलियास वालिन्या या डोंगरातल्या गावच्या पाद्र्यानं. 1984 मध्ये त्यानं झाडांवर, दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवत नेले. पण मला त्याहून जुनी गोष्ट मोलाची वाटते. बाराव्या शतकातल्या ‘कोडेक्स कालिक्स्तिनुस’ या ग्रंथात या वाटेवरच्या वाटसरूंसाठी एक भाग आहे. नद्या कुठल्या, पाणी कुठलं चांगलं, सगळं सांगून झाल्यावर शेवटचा अध्याय चालणाऱ्यांसाठी नाहीच. तो वाटेवर राहणाऱ्यांसाठी आहे. यात्रेकरू गरीब असो की श्रीमंत, त्याला घरात घ्यावं. पुढे कथा आहेत. फ्रान्समधल्या प्वातिएला दोन यात्रेकरूंना गल्लीभर कुणी थारा दिला नाही, शेवटच्या घरातल्या गरिबानं दिला. रात्री गल्लीला आग लागली आणि ती त्या घरापाशी येऊन थांबली. एका बाईनं भाकर नाही म्हटलं, तर राखेखाली तिच्या भाकरीच्या जागी दगड निघाला. भीती घालणाऱ्या कथा आहेत, पण आठशे वर्षांपूर्वीही एवढं माहीत होतं की वाट पायांनी तयार होते आणि दारांनी टिकते.

आपल्या विदर्भाला हे शिकवायला नको. शेगावला पायी निघालेल्यांसाठी पोहे आणि चहा घेऊन गावंच्या गावं रस्त्यावर उभी राहतात. आम्ही इतकी वर्षं ते रस्त्याच्या कडेनं पाहिलं होतं, पेला घेणाऱ्याच्या जागी कधी उभे राहिलो नव्हतो.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीचे सत्याग्रही इथूनच पायी, हात रिकामे ठेवून हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. झेवियरांच्या वाटेवर हेही येतं, ते टाळून पुढं जाता येत नाही. पुढचा हायवे रुक्ष होता, ट्रक अंगावर येत होते, नर्सबाई प्रत्येकाच्या तळव्यांचे फोड बघत होत्या. पणजी ओलांडून रायबंदरच्या बांधावर आलो, तेव्हा ऊन उतरलं होतं. 1633-34 मध्ये बांधलेला हा तीन किलोमीटरहून लांब रस्ता मांडवीकाठच्या मिठागरांतून सरळ जातो. तिथं आमच्यासारखे शेकडो चालत होते, बरेच अनवाणी. कुणाचंही घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

बॅसिलिकेत मी गुडघे टेकले नाहीत. ते माझ्या सवयीत नाही. बांद्याच्या बाईंचं नाव विचारून घेतलं होतं, ते प्रार्थनेत घेतलं.

आता गटाचं मन हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेवर आहे. श्रीरामपूरजवळ सप्टेंबरात ती भरते आणि नगर, नाशिक, औरंगाबाद भागातून पदयात्रा येतात. पाऊस असेल, चिखल असेल. काकांनी यादी काढायला घेतली आहे. या खेपेला ती सामानाची नाही, वाटेतल्या गावांची आहे.