मत्स्यशाखेचा कारभार

मी बी.कॉम. आहे. शास्त्राचा आणि माझा संबंध दहावीलाच संपला, आणि तो दोघांच्याही संमतीनं संपला. तरीही हल्ली जेवताना माझ्या तोंडी नायट्राइट हा शब्द येतो. सौ. म्हणते, "अहो, निदान घास तोंडात असताना तरी नको." कारण एकच: आमच्या नेरूळच्या घरातली काचेची चार फुटी टाकी.

टाकी आणली ती अण्णांसाठी. आई गेल्यावर गिरगावातली खोली बंद करून आम्ही त्यांना इकडे आणलं. नेरूळला रुंद रस्ते आहेत, हवा आहे, हिवाळ्यात खाडीकाठी फ्लेमिंगोसुद्धा येतात. अण्णांच्या ओळखीचं मात्र काही नाही. बँकेत हेडकॅशियर म्हणून जन्म काढलेला माणूस दिवसाला तीन वाक्यं बोलू लागला: "पेपर आला का?", "चहा झाला का?" आणि "दिवा घालवू का?" मला आठवलं, लहानपणी ते मला चालत तारापोरवाला मत्स्यालयात नेत. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे आमचा परदेशप्रवास. माझं लक्ष पाच मिनिटांत चौपाटीच्या भेळेकडे. अण्णा मात्र अर्धा अर्धा तास काचेसमोर उभे. म्हटलं, मत्स्यालयच घरी आणू.

चार बाय दीड बाय दीड फूट. बँकेतला माणूस गुणाकार करतो, पण पैसे भरल्यावर. नऊ घनफूट म्हणजे सुमारे 255 लिटर पाणी, म्हणजेच अडीच क्विंटल! काच, वाळू आणि लोखंडी स्टँड वेगळे. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी तेव्हापासून आपल्या हॉलच्या मध्यभागी बसत नाहीत.

दुकानदारानं हीटर दाखवला तेव्हा मी हसलो. नेरूळमध्ये माणसं गार व्हायला पैसे मोजतात, आणि मासे गरम करायचे? तो म्हणाला, "साहेब, थंडीपेक्षा चढउतार वाईट." एंजल माशांना 26 अंशांच्या आसपास पाणी लागतं, आणि जानेवारीच्या पहाटे ते घसरतं. हिशेब लिटरला एक वॅटचा. आपल्या हवेत थोडा कमी चालतो. म्हणून शंभर वॅटचे दोन.

"एकच मोठा का नको?"

"तो चालू राहून अडकला तर रस्सा होईल."

हे मला पटलं. आमच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात.

फिल्टर म्हणजे गाळणं, अशी माझी समजूत. डब्यात स्पंज आणि चिनी मातीच्या कड्या. पंप तासाला हजार लिटर पाणी फिरवणार, म्हणजे टाकी जवळजवळ चार वेळा. पण खरं काम कचरा अडवण्याचं नव्हेच. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. थोडक्यात, कागद दोन टेबलांवरून फिरून निकाली निघतो. आणि हा स्टाफ स्पंजात नि कड्यांवर भरती व्हायला महिना-दीड महिना लागतो.

तेवढे दिवस आम्ही रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकत होतो, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून. शेजारी पाहायला येत.

"मासे कुठायत?"

"स्टाफ अजून रुजू व्हायचाय," अण्णा सांगत. हे त्यांचं चौथं वाक्य!

अडतिसाव्या दिवशी तपासणीच्या थेंबांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दाखवलं, आणि आठ एंजल घरी आले.

दोन महिन्यांनी एका रविवारी मला स्वच्छतेचा झटका आला. स्पंज आणि कड्या नळाखाली धरून लख्ख धुतल्या. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. दोन गेले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणूंचा निकाल लावला होता. स्पंज पिळायचा असतो तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

अण्णा भडकले. "सगळा जुना स्टाफ एका दिवसात घरी पाठवलास? आमचं 2001 साली हेच केलं! टेबलं लख्ख झाली आणि काउंटरला रांगा लागल्या. कुठलं रजिस्टर कुठे, हे सांगणार कोण?"

सरकारी बँकांतल्या त्या स्वेच्छानिवृत्तीबद्दल अण्णा इतक्या वर्षांत अवाक्षर बोलले नव्हते. मी समजत होतो, ते खुशीनं घरी बसले.

मग रोज रात्री आदल्या दिवशी भरून ठेवलेलं सहा बादल्या पाणी बदलायचं. बादल्या मी उचलायच्या, अण्णा स्टुलावर थर्मामीटर घेऊन बसणार आणि "आधी हीटर बंद कर!" म्हणून ओरडणार. पहिल्या बादलीला बँक निघायची, तिसरीला गिरगाव. एका रात्री पाचवीला आईचा विषय निघाला. सहावी बादली त्या दिवशी बरीच उशिरा ओतली.

सहा मासे वाचले. आता फिल्टरच्या डब्यावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "स्टाफ कामात आहे. चिरंजीवांनी हात लावू नये." खाली तारखेसकट सही.