डागडुजी

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ असें सांगणाऱ्या शहाण्या पूर्वजानें हीं दोन्ही कामें माणूस निरनिराळ्या वेळीं करतो असें गृहीत धरलेलें दिसतें. दुसऱ्यानें बांधलेलें घर आपण दुरुस्त करावयाचें, आणि तेंही लग्नाला पुरतीं दोन वर्षें झालेलीं नसतांना, हा प्रसंग त्याच्या ध्यानांत आला नसावा. नाहीं तर म्हणीला तिसरा चरण जोडल्यावांचून तो राहिला नसता. नवें घर बांधणारास आपल्या मनासारखें करण्याची मोकळीक असते. जुनें घर दुरुस्त करणारास मात्र प्रत्येक भिंतीशीं बोलणीं करावीं लागतात, आणि भिंतीची वकिली करण्यास पतिपत्नींपैकीं एक जण नेहमीं तयार असतो.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत, संगमेश्वर तालुक्यांतील एका खेड्यांत आहे. यजमानांच्या पणजोबांनीं तें बांधलें. भिंती जांभ्या दगडाच्या, दीड हात रुंद. वर मंगळुरी कौलांचें छप्पर. पुढें ओटी, मग माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर व बाळंतिणीची खोली, आणि अगदीं मागें स्वयंपाकघर. घरचीं माणसें मुंबईस पांगलीं, तशी किल्ली शेजाऱ्यांकडे गेली, आणि गणपति व शिमगा या दोन सणांपुरतेंच घर उघडूं लागलें. कोंकणांत अशीं घरें गांवोगांव आहेत. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हां आतां हीं दारें उघडतील असें पुष्कळांस वाटलें होतें; परंतु आगगाडीनें येणें जितकें सोपें झालें तितकेंच परत जाणेंही.

२०२० सालच्या टाळेबंदीनें आम्हां उभयतांच्या नोकऱ्या कचेरींतून घरांत आणून ठेवल्या आणि पुढेंही त्या घरींच राहिल्या. घरांतच बसून काम करावयाचें, तर तें घर पुण्यांतील दोन खोल्यांचेंच कशाला हवें, असा प्रश्न एके रात्रीं यजमानांनीं काढला. मृग लागण्यापूर्वीं आठ दिवस आम्ही सामानसुमान घेऊन येथें येऊन पोहोंचलों.

पहिला पावसाळा कशालाही हात न लावतां काढावयाचा, अशी गवंड्याची अट होती. “पाऊस काय दाखवतो तें बघूं या, वहिनी, मग ठरवूं,” असें तो म्हणाला. या भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत पडतो. तेव्हां दाखविण्यांत त्यानें कसूर केली नाहीं. घरांत होतीं नव्हतीं तीं पातेलीं गळतीखालीं लागलीं. यजमानांनीं गळतीचा एक नकाशा काढला, त्यांत सत्तावीस फुल्या झाल्या. एकविसाव्या फुलीखालीं आमचें अंथरूण होतें.

माजघराच्या भिंतींत छपरापासून कमरेपर्यंत उतरलेली एक भेग होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा जो भूकंप झाला, त्याची ती खूण, असें घरांत सांगत. गवंड्यानें त्या भेगेवर तीन ठिकाणीं कांचेच्या आडव्या पट्ट्या पक्क्या बसविल्या. भिंत अजून हलत असेल तर कांच तडकते. न तडकल्यास भेग जुनी, तिला भ्यावयाचें कारण नाहीं. दिवाळीपर्यंत तिन्ही पट्ट्या शाबूत राहिल्या. त्या दिवसांत आमच्यांत एखादा जुना वाद पुन्हां डोकें वर काढूं लागला म्हणजे “आधीं कांच लावून पाहूं या” असें म्हणण्याचा प्रघात पडला. त्या उपायानें कित्येक वाद दोन दिवसांत निकालांत निघाले, ही गोष्ट नवविवाहित वाचकांच्या उपयोगीं पडण्यासारखी आहे.

दिवाळी होतांच छपराचें काम निघालें. उतरविलेलीं कौलें साडेतीन हजारांच्या घरांत भरलीं. मंगळुरास बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून हीं चपटीं, एकमेकांत अडकणारीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. प्रत्येक कौलावरचें शेवाळ खरवडावयाचें आणि बोटाच्या पेरानें तें वाजवून पाहावयाचें. धड कौल खणखणीत वाजतें, चिरलेलें बद्द वाजतें. संध्याकाळीं कचेरीचें काम मिटवून आम्ही दोघेंही अंगणांत याच उद्योगास बसत असूं. शंभर कौलें झालीं कीं चहा, असा नियम होता. सुतार वाशांचीही अशीच परीक्षा करी. वाळवीनें आंतून पोखरलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो, पण हातोडीचा घाव त्यावर पोकळ उमटतो. असे नऊ वासे निघाले. फणसाची जुनी तुळई मात्र चहूंबाजूंनीं ठोकून पाहिल्यावर सुतारानें तिला नमस्कार केला आणि तो खालीं उतरला.

या काळांतील आमच्या दिनचर्येचें वर्णन करावयाचें तर ती धुळीची दिनचर्या होती. ज्या खोलींत काम चालूं असेल तिच्या पुढच्या खोलींत संसार हलवावयाचा. अशा रीतीनें आमचा बिछाना सहा महिन्यांत पांच वेळां उठला. गॅसची शेगडी ओटीवर आली. दूरध्वनीला आवाज मिळे तो फक्त तुळशीवृंदावनाच्या उत्तरेस दोन पावलांवर. तेव्हां कचेरींतील महत्त्वाचीं संभाषणें त्याच जागीं उभें राहून, पाठीमागें रंध्याच्या तालावर होत. यजमानांच्या वरिष्ठांनीं एकदां हा आवाज कसला म्हणून विचारलें, तेव्हां त्यांनीं ‘दाराची नवी चौकट’ असें खरें उत्तर दिलें, आणि पुढील दहा मिनिटें ते गृहस्थ आपल्या आजोळच्या घराविषयींच बोलत राहिले.

पश्चिमेच्या भिंतीला सुमारें तीस वर्षांपूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं बाहेरून सिमेंटाचा गिलावा करविला होता. हेतु चांगला, पाऊस आंत येऊं नये. परंतु पाणी छपरांतून, फटींतून, पायाखालून शिरतच राहिलें. अडलें तें केवळ त्याचें बाहेर जाणें. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांत फ्रान्सिस ब्यूकॅनन यानें मलबारांतील या दगडास ‘लॅटराइट’ असें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणींतून काढतांना तो विटेसारखा कापतां येण्याइतका मऊ असतो आणि पुढें हवेंत राहून टणक होतो. पावसाळ्यांत तो पाणी पितो, उन्हाळ्यांत तें सोडून देतो. चुना या देवघेवींत आडकाठी करीत नाहीं, सिमेंट करतें. गवंड्यानें टोंक घालतांच गिलाव्याचा पापुद्राच्या पापुद्रा सुटून आला, आणि आंतली भिंत जानेवारी महिन्यांतही ओली होती.

मग चुना आला. शिंपले किंवा चुनखडी भट्टींत भाजली कीं तिच्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडलें कीं तो फसफसतो, तापतो आणि विरतो. असा विरलेला चुना भिंतीला लागला म्हणजे तोच वायु हवेंतून हळूहळू परत घेऊं लागतो आणि होतां होतां पुन्हां दगड बनतो. हें काम दिवसांचें नव्हे, महिन्यांचें आणि जाड थरांत वर्षांचें असतें. आमचा चुना महिनाभर पाण्याखालीं मुरला, मग त्यांत वाळू, हिरड्याचा काढा आणि गुळाचें पाणी पडलें. गिलावा झाल्यावर तो उन्हानें एकदम वाळूं नये म्हणून त्यावर ओलीं गोणपाटें लावावीं लागत आणि सकाळसंध्याकाळ पाणी मारावें लागे. हें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें. एकानें हंडा भरावा, दुसऱ्यानें शिंपडावें. दिवसभर एका घरांत असूनही जें बोलणें झालेलें नसे, तें त्या वेळीं होत असे.

येथवर जुन्याचा पक्ष आम्हां दोघांचाही होता. पक्षभेद झाला तो स्वयंपाकघरांत. त्या खोलीला उजेडासाठीं एकच झरोका होता. वीतभर रुंद, हातभर उंच, आणि तोही माझ्या डोक्याच्या वर. भर दुपारीं दिवा लावल्यावांचून तांदुळांतला खडा दिसत नसे. मीं पूर्वेच्या भिंतींत चार फुटांची खिडकी मागितली. यजमान म्हणाले, “सगळं घर आहे तसं ठेवायचं ठरलंय ना आपलं? मग हीच भिंत कां फोडायची?”

त्यांचीं कारणें खोटीं नव्हतीं. झरोका धूर जाण्यासाठीं होता. लहान होता तो पावसाचा मारा आंत येऊं नये म्हणून. आणि भिंतीवर छपराचा भार होता. पण खरें कारण निराळें होतें. लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत येथें आलें म्हणजे त्या झरोक्यांतून धुरकट उन्हाचा एक कवडसा खालीं उतरे आणि जात्यावर बसलेल्या आजीच्या हातांवर पडे, तें चित्र त्यांच्या मनांत कायमचें होतें. चित्र सुंदर होतें यांत शंका नाहीं. परंतु कवडसा सुंदर दिसावयाचा तर भोंवतीं अंधार लागतो. आणि त्या अंधारांत नातू घटकाभर असे, आजी दिवसभर असत. मीं हें बोलून दाखविलें. कांच लावूनही हा वाद मिटेना. दोन आठवडे खिडकीचें नांव कोणीं काढलें नाहीं, आणि गवंडी परसांतील गडग्याचें काम करीत राहिला.

फेब्रुवारींत सासूबाई मुंबईहून आल्या. यजमानांनीं प्रकरण त्यांच्यापुढें नेलें. जुन्या घराची बाजू जुन्या माणसाकडून उचलली जाईल अशी त्यांची खात्री असावी. सासूबाई स्वयंपाकघरांत गेल्या, झरोक्याखालीं थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मुलाला म्हणाल्या, “मी नवी आले तेव्हां तुझ्या आजीला विचारलं होतं, इथं खिडकी कां नाहीं म्हणून. त्या म्हणाल्या, माझ्या सासूनं कधीं मागितली नाहीं, मीही मागितली नाहीं. तूं मागून बघ. मग मीही मागितली नाहीं.” थोडें थांबून माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “सूनबाई, चांगली मोठी कर.”

यजमान कांहींच बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूर्वेच्या भिंतीवर खडूनें चौकोन आंखलेला दिसला. मीं मागितला होता त्याहून तो अर्धा फूट रुंद होता.

भिंत फोडली नाहीं, उकलली. आधीं छपराला टेकू दिले, वरचा भार पेलण्यास आईनाचें जाड लांकूड आडवें बसविलें, आणि मग एकेक चिरा सोडवून काढला. ते चिरे परसदारच्या पायऱ्यांना लागले. चौथ्या दिवशीं सकाळचें ऊन आंत आलें, तेव्हां त्या खोलींतील पुष्कळ गोष्टी आम्हांला प्रथमच दिसल्या. जात्याच्या जागेमागें भिंतीचा हातभर भाग पाठ टेंकून टेंकून गुळगुळीत झालेला होता. चार पिढ्यांपैकीं कोणाकोणाची पाठ तेथें टेंकली असेल तें सांगतां येणार नाहीं. तेवढा भाग गिलाव्याशिवाय तसाच ठेवावा, असें मीं सांगितलें, आणि तें सांगण्याची पाळी माझ्यावर यावी याचें यजमानांना हसूं आलें.

‘जुनें तें सोनें’ असें आपण म्हणतों. पण सोनें झालें तरी सोनार तें कसाला लावल्यावांचून घेत नाहीं. जुन्या घरांतील प्रत्येक वस्तूला ‘तूं अशी कां?’ असें विचारणें हाच तो कस. उतरत्या छपराचें, रुंद भिंतीचें, चुन्याचें उत्तर पाऊस, ऊन आणि दगड देतात. तें उत्तर ऐकून आपण नम्र व्हावें आणि त्या गोष्टी जशाच्या तशा राखाव्या. पण कांहीं गोष्टींचें उत्तर ‘कोणीं मागितलें नाहीं’ एवढेंच असतें. तेथें पूर्वजांचें शहाणपण नसतें. त्यांच्या घरांतल्याच कोणाची तरी चिकाटी असते, आणि ती आपण शहाणपण म्हणून मिरवीत असतों. संसारांतही दोन्हीं घरच्या चालीरीति अशाच येऊन पडतात. त्या सरसकट मोडणें सोपें आणि सरसकट पाळणें त्याहून सोपें. एकेकीला विचारून घेणें तेवढें अवघड, आणि तें एकट्यानें होत नाहीं.

पावसाळा तोंडावर आल्यामुळें बाळंतिणीच्या खोलीचें काम दिवाळीनंतरवर गेलें आहे. तिला तर झरोकाही नाहीं. या वेळीं वाद होण्याचें कारण उरलेलें नाहीं. खिडकी पूर्वेला असावी कीं उत्तरेला एवढाच प्रश्न आहे, आणि पाऊस कोणत्या बाजूनें झोडपतो तें या चार महिन्यांत पाहून ठेवण्यास गवंड्यानें आम्हांला बजावलें आहे.