संध्याकाळचा अर्धा तास

दारू पिणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांचे कान फार तिखट होतात. फाटकाची कडी कशी वाजली, चपला कुठे पडल्या, खाकरणं साधं आहे की रागाचं, एवढ्यावरून पुढची रात्र कशी जाणार ते आम्हा भावंडांना कळायचं. वाशीमच्या आमच्या घरात संध्याकाळी सातनंतर कुणी मोठ्यानं बोलत नसे. रेडिओ बंद व्हायचा, पुस्तकं उघडली जायची, आणि आवाज होऊ नये म्हणून आई ताटं एकेक करून मांडायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, किती शांत घर आहे. ती शांतता भीतीची होती. शांतता दुसऱ्या कशाची असू शकते, हे मला पुढे बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं.

आई मिशन दवाखान्यात नर्स होती. वाशीमचा मिशन दवाखाना म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी १९३८ साली तो सुरू केला आणि वऱ्हाडातल्या कितीतरी बायांची बाळंतपणं तिथे सुखरूप झाली. दवाखाना नाझरीन या ख्रिस्ती मंडळीचा, आणि आम्हीही त्याच मंडळीतले. ही परंपरा जॉन वेस्लीच्या वाटेवरची, पवित्र आयुष्याचा आग्रह धरणारी. दारूचा थेंबसुद्धा वर्ज्य. इतका, की प्रभुभोजनाच्या पेल्यातही आंबवलेला द्राक्षारस नसतो, द्राक्षांचा साधा रस असतो. अशा मंडळीत पप्पांसारख्या माणसाला बसायला जागा कुठली उरणार? ते सणावाराला यायचे, शेवटच्या बाकावर टेकायचे आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जायचे. त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. ही दुसऱ्या जातीची शांतता, लाजेची.

माझ्या मंडळीबद्दल मला आजही माया आहे. पेटी-तबल्यावर गायलेली भजनं, नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी दिलेली अभंगाची चाल, रविवारच्या साक्षी, उपास-प्रार्थनेत एकदम उठणारे पंचवीस-तीस आवाज, या सगळ्यावरच माझा पिंड पोसला. पण आमची प्रार्थना शब्दांची होती. ज्याच्याकडे शब्द उरलेच नाहीत, त्यानं काय करावं? साक्ष द्यायला सुटका आधी व्हावी लागते. पप्पांची झाली नाही. मी कॉलेजात असताना ते यकृताच्या आजारानं गेले, आणि जाण्याआधी कितीतरी महिने ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. ते तेव्हा प्रार्थना करत होते की नाही, हा प्रश्न मला आजही छळतो.

मुंबईत शिक्षिका म्हणून नोकरी लागली आणि वाटलं, फाटकाची कडी मागे राहिली. मग वहिनीचे फोन सुरू झाले. "ताई, तुमच्या भावाले काही सांगा ना." दादानंही तोच रस्ता धरला होता. व्यसनाच्या धोक्यातला जवळपास निम्मा वाटा रक्तातून येतो, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. हे मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की पप्पांचा खोकला दादाच्या छातीत आला आहे.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला वांद्र्याला एका चर्चच्या सभागृहात नेलं. अल-अनॉनची, म्हणजे व्यसनी माणसाच्या घरच्यांची सभा होती. ही चळवळ अमेरिकेत १९५१ साली सुरू झाली. त्यात पुढाकार होता लोइस विल्सन यांचा, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, बिल विल्सन यांच्या पत्नीचा. सभेच्या आधी ज्यांना हवं त्यांच्यासाठी वीस मिनिटं मौन असायचं. खुर्चीत ताठ बसायचं, डोळे अलगद मिटायचे आणि मनात एकच शब्द, न थांबता, न घाई करता म्हणायचा. मागणी नाही, गाऱ्हाणं नाही, आभारही नाहीत. मला ते सोसेना. खोली शांत झाली आणि माझे कान लगेच फाटकाकडे लागले. छाती धडधडू लागली. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. तिथे गटातल्या एक वयस्क बाई माझ्या मागून आल्या. त्यांनी समजूत घातली नाही, इतकंच म्हणाल्या, "आवाज आला तर हाकलू नका. शब्दाकडे परत या. पुन्हा आला, पुन्हा या. एवढंच काम आहे."

ते काम शिकायला वेळ लागला. मन शब्दावरून निसटतं आणि दादाच्या पगारावर, वहिनीच्या गहाण पडलेल्या बांगड्यांवर, उद्या त्याला फोनवर सुनवायच्या वाक्यांवर जातं. परत यायचं. रागवायचं नाही. हळूहळू लक्षात आलं की दादाला सुधारण्याच्या माझ्या रोजच्या खटपटीत मीही एका नशेनं धरली गेले होते. त्याच्या नशेचा हिशेब ठेवणं हीच माझी नशा. त्या वीस मिनिटांत मी तो हिशेब खाली ठेवत होते. शांततेत मारहाण नसते, हे माझ्या शरीराला पहिल्यांदा तिथे कळलं. डोक्याला कळणं वेगळं.

ही प्रार्थना वांद्र्यात कशी पोहोचली, त्याचा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. जॉन मेन हा इंग्रज माणूस १९५० च्या दशकात मलायात सरकारी नोकरीत होता. तिथे स्वामी सत्यानंद नावाच्या हिंदू संन्याशानं त्याला रोज सकाळ-संध्याकाळ एका शब्दावर मन टेकवून बसायला शिकवलं, आणि तू ख्रिस्ती आहेस तर तुझ्या श्रद्धेतलाच शब्द घे, असं सांगितलं. मेन पुढे बेनेडिक्टाइन संन्यासी झाला, तेव्हा वरिष्ठांनी हे ध्यान बंद करायला लावलं. कित्येक वर्षांनी, जॉन कॅसियनची जुनी लिखाणं वाचताना त्याला दिसलं की चौथ्या-पाचव्या शतकातले इजिप्तच्या वाळवंटातले ख्रिस्ती साधक नेमकं हेच करत होते. १९७५ मध्ये त्यानं लंडनला पहिला गट बसवला. त्यानं सुचवलेला शब्द होता 'मारानाथा', पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी येणारा, अरामी भाषेतला. चार समान ठोक्यांत म्हणायचा. त्याच दशकात अमेरिकेतल्या ट्रॅपिस्ट मठात थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी अशीच एक पद्धत घडवली, आणि आपल्याकडे फादर अँथनी डिमेलो ध्यानाची शिबिरं घेत होते.

मुंबईत या धाग्याला व्यसनमुक्तीची गाठ मारली फादर जो परेरा यांनी. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले धर्मगुरू, आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. थरथरणाऱ्या शरीराला अय्यंगारांची आसनं, आणि मनाला जॉन मेनचं मौन, असा त्यांचा विचार. एएच्या बारा पायऱ्यांपैकी अकरावी पायरी प्रार्थना आणि ध्यान यांचीच आहे. पण सभांना जाणारे पुष्कळ जण ती पायरी तोंडानं म्हणून पुढे जातात, कारण ध्यान करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी दाखवलेलं नसतं. परेरांनी ते दाखवलं. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' उभं केलं, त्याचं ऋण महाराष्ट्र मानतो आणि मानायलाच हवं. कृपाचं नाव मात्र मराठी वाचकांना तितकं परिचयाचं नाही, याची मला खंत वाटते.

दादा अखेर उपचाराला तयार झाला. आधी रुग्णालय. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून औषधं, थायमिनची इंजेक्शनं, डॉक्टरांची नजर. मग एका केंद्रातला मुक्काम. तिथे पहाटे आणि संध्याकाळी मौन. मला वाटलं होतं, वाशीमच्या अडत दुकानात दिवसभर आरडाओरडा करणारा हा माणूस गप्प कसला बसतोय. भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "सातले जे होते ना ताई, ते अर्ध्या तासात उतरते. तो अर्धा तासच माहा जीव घेत होता."

हे वाक्य मी कुठल्याही ग्रंथापेक्षा मोठं मानते. तलफ उठते, चढते आणि न पुरवता सोसली तर ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञानं यावरच आपली पद्धत उभारली : लाटेशी झगडू नका, तिच्यावर स्वार व्हा. आणि जॉन मेननं सांगितलेला ध्यानाचा वेळ वीस ते तीस मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी! वाळवंटातल्या साधकांना मेंदूचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण इच्छा उठताना तिच्याकडे बघत बसून राहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिएटलमध्ये २८६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सजगतेचं ध्यान शिकलेल्या लोकांचं वर्षभरानंतरचं पिणं आणि नशा नेहमीच्या पद्धतीच्या गटापेक्षा कमी आढळली. तो अभ्यास ख्रिस्ती प्रार्थनेचा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पण बसून राहण्याची ताकद त्यात मोजली गेली.

दादा घरी आला आणि संध्याकाळी सातला मागच्या खोलीत खुर्चीवर बसू लागला. आता खरी अडचण आईची. आमच्या ओळखीतल्या एका पाळकांनी तिला सांगितलं होतं, हा मंत्रजप आहे, आपला नाही. आईनं मला विचारलं, "देवाशी बोलायचंच नाही, तर त्यानं ऐकावं काय?" मी तिला कॅसियनबद्दल सांगितलं : त्याच्या गुरूंनी शिष्यांना दिलेली प्रार्थना म्हणजे सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ होती, देवानं त्वरेनं धावून यावं अशी विनवणी. तीच ओळ, दिवसभर, झोपेपर्यंत. स्तोत्र म्हटल्यावर आईचा चेहरा सैल झाला. ते तिला पाठ होतं. पण तिचा संशय फिटला तो माझ्या माहितीनं नाही. दोन दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "अगं, हन्ना!"

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना. मूलबाळ नसलेली, दुःखानं गळून गेलेली बाई शिलोच्या मंदिरात प्रार्थना करते आहे. ओठ हलतात, आवाज नाही. एली याजक लांबून बघतो आणि त्याला वाटतं, ही प्यायलेली आहे. तो तिला झापतो. ती सांगते, मी दारू घेतलेली नाही, मी आपलं मन देवापुढे ओतते आहे. आयुष्यभर पवित्र शास्त्र वाचणाऱ्या माझ्या आईला ही गोष्ट शंभरदा भेटली असेल. त्या दिवशी तिनं ती आपल्या नवऱ्यासाठी आणि मुलासाठी वाचली. अबोल प्रार्थना करणारी बाई आणि दारुडा, यांच्यात याजकालाही फरक करता आला नव्हता! आई त्या संध्याकाळी दादाशेजारी स्टूल घेऊन बसली. तिच्या ओठांवर सत्तरावं स्तोत्र, त्याच्या मनात मारानाथा. पप्पांनी भिंतीकडे तोंड करून काय केलं असेल, याबद्दलही तिला त्या दिवसापासून थोडा दिलासा मिळाला, असं ती म्हणायची.

ही रीत परकी आहे, असं मला कधीच वाटलं नाही. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं एका जागी निःशब्द उभी राहतात. विदर्भाला मौन समजतं. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघांनीही गावोगाव दारूविरुद्ध जिवाचं रान केलं. आमच्या छोट्याशा ख्रिस्ती समाजानं त्या वारशात आपली खुर्ची मांडली तर त्यात बिघडलं काय?

आई गेल्यावर दादा एकदा घसरला. मौनानं त्याला वाचवलं नाही. त्याला वाचवलं वहिनीच्या फोननं, एएमधल्या त्याच्या जोडीदारानं आणि पुन्हा डॉक्टरांनी. सावरल्यावर तो परत खुर्चीवर बसला. मौन हे औषध नाही आणि औषधाची जागा घेऊ नये. ज्यांच्या अंगावर जुन्या मारहाणीच्या खुणा आहेत, त्यांनी एकट्यानं डोळे मिटून बसण्याची सक्ती करून घेऊ नये. गट हवा, डोळे उघडे चालतात, व्हरांड्यात मागून येणारं कुणीतरी हवं.

निवृत्तीनंतर मी वाशीमला परतले आहे. संध्याकाळी सातला दादा, वहिनी आणि मी बसतो. कधी शेजारचा एक सोयाबीनवाला शेतकरी येतो, तो विठ्ठलाचं नाव घेतो.

आमच्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांना आणि पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे : आठवड्यातून एका संध्याकाळी सातला उपासनागृहाचं दार उघडा आणि अर्धा तास काही बोलू नका. साक्ष मागू नका, पिऊन आलेल्याला परत पाठवू नका. दारावर सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक लिहा, जवळच्या डॉक्टरांचं नाव लिहा. शेवटचं बाक मात्र रिकामं ठेवा. तिथे बसणारा माणूस प्रत्येक गावात आहे.