दोन कर्ण

प्रवेश-अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी त्यात मी 'सुतारकाम' न लिहिता 'कंत्राटदार' असे लिहिले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे तो शब्द तपासून पाहणारे घरी कोणी नव्हते.

गेल्या मे महिन्यात बाबांना जीपसाठी शेड बांधण्याचे काम मिळाले. आमच्या रत्नागिरीकडे भिंत म्हटली की जांभ्याचे चिरे; पण मालकांना खर्च बेताचा हवा होता. म्हणून जोते तेवढे चिऱ्याचे, आणि वर लाकडी सांगाडा करून त्यावर पन्हळी पत्रे ठोकायचे ठरले. मागच्या भिंतीत उजेडासाठी एक खिडकी. मृगाच्या आत काम पुरे व्हायला हवे होते आणि त्याच मजुरीतून माझी दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती.

मागच्या भिंतीचा सोळा फूट लांब, आठ फूट उंच सांगाडा आम्ही जमिनीवरच जोडला. खिडकीच्या दोन्ही अंगांना उभे वासे, वर-खाली आडवे. दुपारी बाबा खिळे आणायला बाजारात गेले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत पत्र्याला हात लावू नको रे."

मला वाटले, आडव्या भिंतीवर पत्रे ठोकणे सोपे. मग शिडीवर कशाला चढायचे? असलेले खिळे घेऊन मी पत्रे ठोकून टाकले. बाबा आले, त्यांनी पाहिले, काही बोलले नाहीत. शेजारच्या चौघांना हाक मारून आम्ही भिंत उभी केली. खिडकीची चौकट बसवू लागलो, तर ती खाली टेकली आणि वरच्या कोपऱ्यात अडली.

बाबांनी सुतळी घेऊन भिंतीचे दोन्ही कर्ण मोजले. जवळजवळ दोन इंचांचा फरक! सांगाडा इंचभर कलला होता आणि मी ठोकलेल्या पत्र्यांनी तो तसाच जखडून टाकला होता. पत्रा ठोकण्यापूर्वी कर्ण जुळवायचे असतात, हे मला ठाऊक नव्हते. दहावीला पायथागोरसचा सिद्धांत मी घडाघडा म्हणून दाखवला होता. चौथीत शाळा सुटलेले बाबा मात्र तीन-चार-पाच फुटांच्या खुणा करून रोज काटकोन काढत आले आहेत.

कंदिलाच्या उजेडात आम्ही खिळे उपसले. दोर लावून सांगाडा ओढला, कर्ण सारखे केले, आतून तिरकी पट्टी मारली, आणि मगच पत्रे चढवले. पत्र्यांचे जोड झडीच्या वाऱ्याकडे पाठ करून ठेवले. खिडकीच्या माथ्यावर वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवली. तिची वरची कड वरच्या पत्र्याच्या आत सारली. खालच्या फळीला बाहेरच्या बाजूस उतार दिला. बाबा म्हणाले, "पाणी वरून खाली येतं. वरच्यानं खालच्याला झाकलं पाहिजे. एवढं कळलं की झालं."

पण वरच्या ओळीतली जुनी भोके उघडीच राहिली. ती डांबराने बुजवली, तरी काळे ठिपके दिसत होते. सकाळी मालकांनी विचारले, "ही भोकं कसली हो?"

मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "माझी नजर चुकली, मालक. मजुरीतून कापून घ्या."

पंचवीस वर्षांच्या कामात त्यांच्या तोंडून असे वाक्य मालकापुढे कधी निघाले नसेल. घरी येताना मी विचारले, "असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "तुला अजून फी भरायची आहे. आणि हत्यार माझं होतं."

पावसाळ्यात मुद्दाम त्या शेडमध्ये जाऊन आलो. झड त्या भिंतीवर आदळत होती. आत जमीन कोरडी होती. खिडकीचे झडप एका बोटाने मिटले.

या वर्षीच्या अर्जात मी 'सुतारकाम' असे लिहिले. अक्षर जरा मोठेच आले.