शारजाचे काँक्रीट, कोकणचा जांभा आणि अडीच वर्षांचे बूट

शारजा म्हटले की आपल्याकडच्या माणसाला आधी क्रिकेट आठवते. १९८६ साली जावेद मियांदादने शेवटच्या चेंडूवर मारलेला षटकार आठवतो, १९९८ च्या एप्रिलमध्ये वाळूच्या वादळाने थांबलेला सामना आणि त्यानंतरची सचिनची खेळी आठवते. आमच्या मुलांना मात्र शारजा ओळखीचे आहे ते अलजादाच्या स्केटपार्कमुळे. २०२३ च्या फेब्रुवारीत इथेच स्केटबोर्डिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात ब्राझीलची रायसा लिआल जिंकली आणि पार्क प्रकारात ब्रिटनची स्काय ब्राऊन. एक पंधरा वर्षांची, दुसरी चौदा. आमच्या थोरलीने त्याच वसंतात बोर्डवर पाय ठेवला. तेव्हा ती दहा वर्षांची होती, धाकटा सातचा.

आता आमचे इथले दिवस संपत आले आहेत. नोकरीचा करार डिसेंबरात पुरा होतो आणि आम्ही हर्णैजवळच्या आमच्या गावी परत जाणार आहोत. विमानात माणशी तीस किलो सामान. त्यात काय न्यायचे, काय इथेच कुणाला देऊन टाकायचे, हा हिशोब सध्या रोज रात्री जेवणानंतर चालतो. भांडी आणि कपड्यांचा प्रश्न लवकर सुटला. अडले ते स्केटबोर्ड, बूट आणि हेल्मेटवर. अडीच वर्षांत या सामानाने आम्हाला जे शिकवले ते इथे मांडतो. ज्या घरात मूल असा हट्ट धरून बसले असेल, त्या घराचे चार पैसे तरी वाचतील.

शारजात खेळायचे कधी आणि कुठे

शारजात जानेवारी २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. जुम्माची नमाज झाली, जेवण झाले की असरनंतर मुले पार्ककडे निघतात. हे झाले थंडीचे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला इथे कायद्याने मनाई आहे. त्यावरून उन्हाचा अंदाज यावा. त्या महिन्यांत मुले इशानंतरच बाहेर पडतात आणि रात्री नऊ वाजताही काँक्रीट हाताला गरम लागते.

अलजादाचे काँक्रीट घोटून गुळगुळीत केलेले आहे. खोलगट वाट्यांसारखे बाऊल आहेत, पायऱ्या आहेत, लोखंडी दांडे आहेत. फिलिपिनो तरुण, अरब मुले, मल्याळी मुले, गोऱ्या कुटुंबांतल्या मुली, सगळे एकाच रांगेत आपल्या पाळीची वाट पाहतात. पाळी मोडली तर कुणी ओरडत नाही, फक्त सगळे थांबून बघतात. ते पुरते. खालिद सरोवराच्या काठची फरसबंदी याच्या उलट. अल नूर मशिदीसमोर संध्याकाळी फिरायला सुंदर जागा आहे, पण फरशांच्या सांध्यांवरून कडक चाके जाताना दात वाजतात. दुबईला काइट बीचवरही पार्क आहे. समोर समुद्र, बाजूला दूर बुर्ज अल अरब. तिथे मुलांना फार आवडते, पण सामानाला नाही. खारे वारे आणि बारीक वाळू दोन्ही बेअरिंगचे शत्रू.

फळी, ट्रक, चाके

पहिला बोर्ड आम्ही सुपरमार्केटमधून ऐंशी दिरहमला आणला होता, खेळायला आवडते का ते पाहण्यापुरता. त्याची चाके कडक प्लास्टिकची होती आणि ती वळत नव्हती. पण मुलीला खेळ आवडला, हे त्या ऐंशी दिरहमने सांगितले. मग खरा बोर्ड घेतला. चांगली फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते. अडीच वर्षांत थोरलीने तीन फळ्या संपवल्या. फळी मधोमध मोडते असे लोकांना वाटते. आमच्याकडे एकही मोडली नाही. तिन्हींची शेपटी जमिनीवर घासून घासून वस्तऱ्यासारखी झाली आणि उडीतला जोर गेला.

ट्रक म्हणजे फळीखालचा धातूचा सांगाडा, ज्याला चाके लागतात. तो पहिलाच अजून चालू आहे. फक्त त्यातले रबरासारखे बुश दोनदा बदलले. खर्च करायचा तर ट्रकवर करावा, हे आमचे पहिले अनुमान.

चाके पॉलियुरेथेनची असतात. १९७० च्या दशकात ती आली आणि हा खेळ बदलला. त्याआधी माती आणि धातूची चाके असत, आणि लहान खडा आला तरी माणूस तोंडावर पडे. चाकावर दोन आकडे असतात, एक व्यासाचा, दुसरा कडकपणाचा. ५२ मिलिमीटर आणि ९९ए म्हणजे लहान, कडक चाक. ते पार्कच्या गुळगुळीत काँक्रीटसाठी. ६० मिलिमीटर आणि ७८ए म्हणजे मोठे, मऊ चाक. ते खडबडीत रस्त्यासाठी. दुकानात बरेचदा हे कुणी सांगत नाही, रंग दाखवतात.

बेअरिंग आणि वाळू

एका बोर्डात आठ बेअरिंग असतात. त्यांचा नंबर ६०८. आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. वाळवंटातल्या शहरात ही आठ कडीच सगळ्यात आधी मरतात. चाक फिरवले की आधी खरखर येते, मग चाक हाताखालीच थांबते. आम्ही दर महिन्याला ती काढतो, कडेची झाकणी सुईने उचलतो, अल्कोहोलमध्ये धुतो, पूर्ण वाळवतो आणि पातळ तेलाचा एकच थेंब सोडतो. जास्त तेल घातले की वाळू आणखी चिकटते. असे केल्यावर एक संच वर्षभर चालला. न धुतलेला धाकट्याचा संच चार महिन्यांत गेला.

यात आमच्यासाठी एक गंमत निघाली. ६०८ नंबरचे बेअरिंग लहान मोटारींमध्ये सर्रास वापरतात. म्हणजे दापोलीत मोटार वाइंडिंगच्या दुकानात ते मिळायला हरकत नाही. आमच्या पिढीने गॅरेजातली जुनी बेअरिंग फळीला ठोकून गाडा केला नव्हता का? उतारावरून खडखडाट करत येणारा तो गाडा आणि हा बोर्ड तसे चुलतभाऊच. फरक इतकाच की त्या गाड्यावर मुली बसल्याचे आम्हाला आठवत नाही.

बुटांचा हिशोब

सगळ्यात जास्त पैसा गेला बुटांवर. बोर्डच्या वरच्या बाजूला सँडपेपरसारखी ग्रिप टेप असते. बोर्डसकट उडी मारताना पुढच्या पायाचा बूट या टेपवर घासून वर ओढावा लागतो. म्हणून जो पाय पुढे, त्या बुटाची करंगळीकडची बाजू झिजते. मागचा पाय जमिनीवर ढकलतो आणि थांबवतो, म्हणून त्याचा तळवा झिजतो. थोरली डावा पाय पुढे ठेवते. तिचा डावा बूट कडेला फाटतो, उजवा खालून. एकाच जोडीतले दोघे, पण दोघांचे मरण वेगळे.

कापडी बूट हलके, हवा खेळती. शारजाच्या उन्हाळ्यात पायाला बरे वाटतात. पण सहा आठवड्यांत करंगळी बाहेर आली. सुएड चामड्याचे बूट त्याच पायात पाच महिने टिकले. किंमत दीडपट, आयुष्य तिप्पट. त्यातही करंगळीच्या जागी शिवण नसलेला बूट पाहावा, कारण टेप आधी दोरा कापते आणि मग चामडे सुटते. लेस तर कापल्याच जातात. आम्ही जाड लेसच्या चार जोड्या एकदम घेऊन ठेवतो.

तळव्याचे दोन प्रकार असतात. एकात पातळ रबर उष्णतेने बुटाला चिकटवलेले असते. पायाखाली फळी नीट कळते, पण उंचावरून उतरले की टाच दुखते. दुसऱ्यात जाड तळवा शिवलेला असतो. टाच वाचते, पण पहिले दोन आठवडे पायात लाकूड असल्यासारखे वाटते. शिकणाऱ्या मुलाला पहिला प्रकार लवकर जमतो. पायऱ्यांवरून उड्या सुरू झाल्यावर आम्ही दुसरा घेतला.

हे खास बूट आले कुठून? कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये १९६६ साली व्हॅन्सचे दुकान उघडले. त्यांच्या बुटांचा जाड, चिकट रबरी तळवा फळीवर घट्ट बसतो हे स्केट करणाऱ्या मुलांनी स्वतःच शोधले. १९७६ साली कंपनीने त्या मुलांच्या सल्ल्याने वेगळा बूट काढला. सांगायचे इतकेच की नावापेक्षा तळवा महत्त्वाचा.

वाढत्या वयाच्या मुलांची आणखी एक अडचण. धाकट्याचे दोन जोड फाटण्याआधीच लहान झाले. ते तसेच कपाटात ठेवण्यापेक्षा लगेच शेजारच्या मुलाला दिले. वापरात असलेली वस्तू दुसऱ्याच्या पायात गेली तर इसराफ होत नाही.

हेल्मेट, मनगट आणि स्कार्फ

या सामानात काटकसर करू नये. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून नवशिक्याचे मनगट सगळ्यात आधी मोडते. गेल्या वर्षी थोरली बाऊलच्या काठावरून मागे पडली. मनगटाच्या गार्डमधली प्लास्टिकची पट्टी तडकली, हात शाबूत राहिला. ती तडकलेली पट्टी आम्ही जपून ठेवली आहे, कुणी विचारले तर दाखवायला.

हेल्मेटचे आयुष्य त्याच्या आतल्या फोमवर ठरते. सायकलच्या बहुतेक हेल्मेटमधला कडक फोम एका मोठ्या आपटीसाठीच असतो. तो आतून चिरडला की वरून धड दिसणारे हेल्मेटही निकामी झालेले असते. स्केटिंगच्या काही हेल्मेटमध्ये वारंवार आपटी झेलणारा मऊ फोम असतो. पेटीवर ते लिहिलेले असते, वाचून घ्यावे. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हेल्मेटखाली पिन लावू नये. पडल्यावर ती डोक्यात किंवा गळ्यात घुसू शकते. खेळाच्या पातळ कापडाचा, डोक्यावरून ओढून घ्यायचा स्कार्फ वापरावा, लोंबते टोक नसावे आणि हेल्मेटचे माप स्कार्फ घालूनच घ्यावे. भुवयांच्या वर दोन बोटे जागा राहिली की ते नीट बसले.

गुडघ्याच्या पॅडचे इलॅस्टिक घामाने वर्षभरात सैल होते आणि त्याच्या पट्ट्यांत वाळू भरते. जुन्या टूथब्रशने वाळू काढली की पट्टी पुन्हा धरते.

गावी काय चालेल

गेल्या मे महिन्यात आम्ही बोर्ड गावी नेऊन पाहिला. खेडला उतरलो, दापोली घाटातून हर्णै. घरासमोर जांभ्याच्या पायऱ्या, पुढे खडी उखडलेला डांबरी रस्ता. ९९ए ची चाके त्यावर दहा फूटही गेली नाहीत. अंगणातल्या कोब्यावर मात्र बोर्ड छान धावला. गावातली पंधरा पोरे आणि तीन पोरी जमल्या. बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बाजूलाच राहिला. जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळे आवरावे लागले. भिजलेल्या फळीचे थर सुटतात, बेअरिंग गंजतात, सुएडला कपाटात बुरशी येते. पॉलियुरेथेनचा मधला थर असलेले बूट तर दमट हवेत न वापरता ठेवले की दोन-चार वर्षांत भुगा होतात. म्हणून जादा जोड घेऊन ठेवायचा विचार आम्ही सोडला.

खरी अडचण पावसाची नव्हती. मुलांच्या फुफीने एका रात्री विषय काढला, "भाभी, तिथे परदेशात ठीक आहे. इथे पोरगी तेरा वर्षांची होणार. हातपाय मोडला, तोंडावर व्रण पडला, तर उद्या स्थळ बघताना कोण ऐकून घेणार?" फुफी मायेनेच बोलत होती. तिच्या स्वतःच्या पायाचे हाड विहिरीवर घसरून मोडले होते, आणि त्याचे बोलणे तिने सासरी वर्षानुवर्षे ऐकले. आम्ही तिला ती तडकलेली पट्टी दाखवली. तिने ती बराच वेळ हातात धरली आणि विचारले, "हे किती रुपयाला येते?"

आमच्या मनात काबूलचे उदाहरणही होते. तिथे २००७ साली स्केटिस्तान नावाचा उपक्रम सुरू झाला. मुलींनी सायकल चालवणे तिथे रुचत नसे, पण स्केटबोर्ड इतका नवा होता की तो मुलींचा नाही असे ठरवायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. त्या मुलींवरच्या माहितीपटाला २०२० साली ऑस्कर मिळाले. आमच्या गावातही बोर्ड नवाच आहे. कोब्यावर ज्या तीन मुली उभ्या राहिल्या, त्यांना कुणी हटकले नव्हते.

तर आमचे ठरले ते असे. ट्रक येतील, नव्या फळीसकट. चाके ६० मिलिमीटर, ७८ए. मोठे चाक वळताना फळीला घासू नये म्हणून ट्रकखाली रबरी पट्टी. बेअरिंगचा एकच जादा संच, पुढचे दापोलीत पाहू. बूट पायात असतील तेवढेच. थोरलीचे हेल्मेट हातातल्या सामानात. धाकट्याचा बोर्ड शेजारच्या मल्याळी मुलाला. राहिलेल्या वजनात आम्ही ड्रायफ्रूट नेणार होतो, तिथे आता मनगटाच्या गार्डच्या चार जोड्या भरल्या आहेत. एक थोरलीची, तीन त्या मुलींच्या.