जपानांतील सात्त्विक भोजन

परदेशगमनाची गोष्ट निघाली म्हणजे आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या गृहस्थापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो ताटाचा. थंडीला लोकर आहे, भाषेला दुभाषा आहे. परंतु भुकेला दिवसांतून दोनदां उत्तर द्यावें लागतें. गेल्या कार्तिकांत आम्ही उभयतां जपानांत तीन आठवडे राहून आलों. आमचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षें टोकियो शहरीं आहे. त्यानें व सूनबाईंनीं फार आग्रह केला म्हणून हा योग आला. परत आल्यापासून शेजारी, आप्त, शाळेंतील जुने सहकारी, जो तो एकच विचारतो, "मास्तर, तिकडे जेवलांत काय?" त्या सर्वांस एकदांच उत्तर द्यावें, व त्यांत आमच्या घरचें उणें असेल तेंहि लपवूं नये, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

टोकियोस अडचण पडली नाहीं. शहराच्या पूर्वेकडील निशि-कासाई भागांत आपल्याकडील लोकांची चांगली वस्ती आहे. डाळी, कणीक, मसाले सर्व कांहीं तेथें मिळतें. शिवाय सौ.नीं मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला व लाडूंचे डबे बांधून नेलेच होते. सूनबाईंच्या हातचें वरण-भात जेवून आम्ही म्हणालों, "लोक उगीच बाऊ करितात." पुढें क्योतो पाहावयास निघालों तेव्हां आमची हीच समजूत कायम होती.

क्योतो हें 794 सालापासून हजारांवर वर्षें त्या देशाची राजधानी होतें. मंदिरें, बागा, लाल पानांनीं पेटल्यासारखे दिसणारे मेपल वृक्ष, सर्व मनसोक्त पाहिलें. दोन दिवस दुपारीं आम्ही 'उदोन' खाल्लें. गव्हाच्या पिठाच्या बोटाएवढ्या जाड शेवया, कढत पातळ सार, वर कांद्याची हिरवी पात. मांसाचा तुकडा नाहीं, अंडें नाहीं. साराला एक खोल, गोडसर चव होती. आम्हीं वाटी तोंडाला लावून तें संपविलें व त्याची वाखाणणीहि केली.

तिसऱ्या दिवशीं निशिकी नांवाच्या छपराखालील अरुंद बाजारांत गेलों. एका दुकानीं काळपट तपकिरी रंगाचे लहान ओंडके मांडले होते, व रंध्यासारख्या हत्याराखालून कागदाहून पातळ, गुलाबीसर ढलप्या निघत होत्या. सुताराच्या दुकानांत शोभावें असें तें दृश्य. दोन ओंडके एकमेकांवर वाजविले तर खणखणीत नाद येई. आम्हीं मुलास सहज विचारिलें, "हें कोणतें लाकूड रे? दालचिनीच्या जातीचें आहे काय?"

सूनबाई खालीं पाहूं लागल्या. मुलगा थोडा वेळ थांबून म्हणाला, "बाबा, तें लाकूड नाहीं. मासा आहे."

मग सर्व उलगडा झाला. कात्सुओ नांवाचा मासा उकडून, धुरी देऊन, कित्येक आठवडे वाळवून त्याचा असा दगडासारखा खडा करितात; त्या ढलप्या उकळत्या पाण्यांत टाकून गाळिल्या म्हणजे जो अर्क उतरतो त्यास 'दाशी' म्हणतात. फोडणीवांचून आपला स्वयंपाक जसा अडेल तसा दाशीवांचून जपानी स्वयंपाक अडतो. सार, उकडलेल्या भाज्या, भज्यांबरोबरची चटणी, सर्वांत ती गुप्तपणें असते. आम्हीं विचारिलें, "आणि परवांचें उदोन?" तो बोलला नाहीं. "तुला ठाऊक होतें?"

"होतें. सांगितलें असतें तर तुम्ही कांहींच खाल्लें नसतें, बाबा. आईला उपाशी ठेवून मी कसा हिंडवूं?"

येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. नाहीं तर वाचकांस त्या लोकांचा हेतु दुष्ट वाटेल. बौद्ध मताच्या प्रभावानें तेम्मु बादशहानें 675 सालीं गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचें मांस खाण्यास बंदी केली. पुढें शतकानुशतकें तेथील सामान्य जन चतुष्पादांच्या मांसापासून बहुतांशीं दूर राहिले. मेजी बादशहानें मांस खाल्ल्याचें 1872 सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून ती रीत पालटली. परंतु मासा त्या बंदीच्या यादींत कधींच नव्हता. त्यामुळें 'निकु' म्हणजे मांस, या शब्दांत ते मासा धरीत नाहींत. आपण 'मांस नको' म्हटलें तर दुकानदार माशाच्या अर्काची वाटी प्रामाणिकपणें आपल्यापुढें ठेवितो. त्या दुकानदाराविषयीं आमचा कांहीं राग नव्हता. राग होता तो मुलावर.

त्या रात्रीं सौ.नीं स्नान करून नामस्मरण केलें व दोन केळीं आणि एक लाडू खाऊन त्या निजल्या. दुसरा दिवसहि फळांवरच गेला. न कळत घडलेल्या दोषास धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त सौम्य आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. तें शल्य फार नव्हतें. ज्या मुलास आम्हीं हाताला धरून सत्यं वद शिकविलें, त्यानें आपल्या आईबापांस लहान मुलांप्रमाणें फसवावें, हें मनास लागलें होतें. दिवसभर आम्ही त्याच्याशीं बोललों नाहीं.

रात्रीं सौ. म्हणाल्या, "सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यांत डॉक्टरांनीं माशाचें तेल दिलें होतें. तें तुम्हींच काढ्यांत घालून त्यांना पाजायचांत. आठवतें का?"

आम्हांस चांगलें आठवत होतें. 1991 सालची गोष्ट. मातोश्री विचारीत, "अरे, याला वास कसला येतो?" आणि आम्ही म्हणत असूं, "ओव्याचा." त्या विश्वासानें पीत. सौ.नीं तेव्हां एक अक्षर काढिलें नव्हतें, आणि पुढें इतकीं वर्षेंहि नाहीं.

"त्याच्यावर रागावूं नका," त्या म्हणाल्या. "तुम्हीं केलेंत तेंच त्यानें केलें. पण उद्यांपासून त्यानें मला खरें तें सांगावें. खायचें कीं नाहीं तें माझें मी बघेन." सकाळीं त्यांनीं हें मुलास समोर बसवून सांगितलें, व आम्हींहि काढ्याची गोष्ट त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चला, आपण कोयासानला जाऊं. तिथें मला कांहीं लपवावें लागणार नाहीं."

कोयासान हें वाकायामा प्रांतांतील एक पवित्र डोंगरपठार. उंची सुमारें आठशें मीटर, भोंवतीं आठ शिखरें. ओसाका शहरांतील नाम्बा स्थानकावरून आगगाडीनें गोकुराकुबाशी येथें उतरावें. या नांवाचा अर्थ सुखावतीचा सेतु, म्हणजे अमिताभ बुद्धाच्या स्वर्गाचा पूल. तेथून दोरानें ओढला जाणारा डबा पांच मिनिटांत वर नेतो. वर शंभरांवर मंदिरें असून त्यांतील पन्नासांच्या सुमारास मंदिरांत यात्रेकरूंची राहण्याची व जेवणाची सोय होते. पूर्वीं या क्षेत्रीं स्त्रियांस प्रवेश नव्हता. 1872 सालीं सरकारनें ती बंदी उठविली. वेशीबाहेर स्त्रिया जेथून दर्शन घेत तो 'न्योनिन्दो' मंडप अजून उभा आहे. सौ.नीं तेथें मुद्दाम गाडी थांबवून नमस्कार केला.

हें क्षेत्र स्थापिलें कूकाई नांवाच्या आचार्यानें, 816 सालीं. 804 सालीं तो चीनला गेला, तेथें हुइगुओ गुरूंपाशीं मंत्रयानाची दीक्षा घेतली, आणि हिंदुस्थानाच्या वायव्येकडून आलेल्या प्रज्ञ नांवाच्या भिक्षूपाशीं संस्कृत शिकला. 806 सालीं परतला तो आपल्या पुराण्या सिद्धम् लिपीचें ज्ञान घेऊन. त्याच्या संप्रदायांत 'अ' या अक्षराचें ध्यान करितात. आपला होम तेथें 'गोमा' या नांवानें चालू आहे. जन्मभर मुलांकडून वर्णमाला घोटून घेतलेल्या आमच्यासारख्या मास्तरास ही ओळख किती सुखाची वाटली असेल तें सांगावयास नको. जपानी मुळाक्षरांचा क्रमहि अ-इ-उ-ए-ओ, पुढें क, स, त, न असा असून तो आपल्याच वर्णमालेच्या धाटणीवर बसविला आहे.

आतां भोजन. संध्याकाळीं साडेपांचलाच जेवणाची वर्दी आली. जमिनीवर चटया, व प्रत्येकापुढें तांबड्या-काळ्या लाखेच्या रोगणाचे लहान चौरंग. भिक्षूंच्या या अन्नास 'शोजिन र्योरि' म्हणतात. 'शोजिन' हा संस्कृत 'वीर्य' शब्दाचा तर्जुमा होय, सहा पारमितांपैकीं वीर्यपारमिता. साधनेंत नेट धरण्यासाठीं जें अन्न, तें शोजिन अन्न. त्यांत मांस-मासे तर नाहींतच, परंतु कांदा, लसूण व त्या जातीच्या पांच उग्र वनस्पतिहि वर्ज्य. आपला चातुर्मास तेथें बारा महिने चालतो म्हणाना!

मुलानें वाढणाऱ्या तरुण भिक्षूस पहिलाच प्रश्न केला, "दाशी कशाची?" उत्तर आलें, "कोम्बु आणि शिइताके." कोम्बु ही समुद्रांतील रुंद पानांची वनस्पति, शिइताके हें वाळविलेलें अळंबें. कोम्बुच्या सारांतूनच डॉक्टर इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनीं 1908 सालीं ती खोल चव निराळी काढून तिला 'उमामि' नांव दिलें. मग मुलगा एकेक वाटी दाखवून आईस सांगूं लागला. हें गोमा-दोफु : तिळाची मऊ पूड व कुद्झु कंदाचें सत्त्व घोटून केलेलें, दिसण्यांत थेट आपल्या खरवसासारखें. हें कोया-दोफु : सोयाबिनच्या दुधाचें पनीर गोठवून वाळविलेलें, रस शोषून स्पंजासारखें फुगलेलें; याचें नांवच या डोंगरावरून पडलें. ही युबा, म्हणजे त्याच दुधावरची साय. हीं भजीं : रताळें, भोपळा, एक मेपलचें पान. एका पिवळ्या लोणच्यापाशीं तो अडखळला. "आई, हें मला ठाऊक नाहीं." भिक्षूहि क्षणभर थांबला, मग मुदपाकखान्यांत जाऊन विचारून आला : मुळा, मीठ आणि तांदळाचा कोंडा. सौ.नीं तेव्हां तें पानांत घेतलें.

पांच रंग, पांच चवी व पांच कृति एका जेवणांत साधाव्यात असा तेथील दंडक आहे. दूध, दहीं, तूप मात्र कोठें दिसत नाहीं. ताकाची आठवण आम्हांस झाली. पण भात उत्तम, पोट भरलेलें, आणि मन तर त्याहून अधिक.

सकाळीं ओकुनोइन येथें गेलों. उंच देवदारांतून दोन कोसांच्या आंतली, सुमारें दोन किलोमीटरांची वाट. दोहों बाजूंस दोन लाखांवर समाधि. लांकडी फळ्यांवर अ, व, र, ह, ख हीं पंचमहाभूतांचीं बीजाक्षरें सिद्धमांत लिहिलेलीं असतात. कोणीं सांगितल्यावर त्यांची ओळख पटते. 835 सालीं कूकाई समाधींत बसले व अद्याप ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा असल्यामुळें रोज सकाळीं सहा व साडेदहा वाजतां त्यांना भोजन नेतात. पांढऱ्या लांकडाची पेटी घेऊन जाणारे भिक्षु आम्हीं पाहिले. सौ. हात जोडून म्हणाल्या, "म्हणजे नैवेद्यच कीं!"

जाऊं इच्छिणारांसाठीं चार गोष्टी. 'मांस नको' एवढ्यानें भागत नाहीं. 'शोजिन' हा शब्द उच्चारावा, व दाशी कोम्बुची कीं माशाची हें स्पष्ट विचारावें. मंदिरांत उतरावयाचें तर आगाऊ कळवावें. क्योतोंत ऊन पाण्यांतलें तोफु मिळतें तें निर्दोष असलें तरी सोबतच्या रसांत माशाचा अर्क असूं शकतो. भाताच्या गोळ्यांत खारविलेलें 'उमे' फळ असलें तरी वेष्टनावरील घटक वाचून घ्यावे, कारण कधीं कधीं त्यांतहि त्याच ढलप्या मिसळतात. भाषा येत नसेल तर हे प्रश्न जपानींत लिहून घेतलेला कागद खिशांत असावा. आणि घरचें मेतकूट विसरूं नये.

परततांना क्योतोच्या स्थानकावर भूक लागली होती. मुलगा खाण्याचे डबे पाहावयास गेला व दुकानांत बराच वेळ विचारपूस करून आला. "आई, भाज्यांचा डबा आहे. पण भाज्या माशाच्या दाशींत शिजविल्या आहेत." सौ. म्हणाल्या, "बरें. मग साधा भात मिळतो का बघ." भात मिळाला. गाडी सुरू झाल्यावर सौ.नीं पिशवींतून मेतकुटाची बाटली काढिली. मुलानें स्वतःसाठीं दुसरा डबा आणला होता; सहा वर्षांत त्यानें तिकडे कोणता नियम पाळला, हें आम्हीं त्यास विचारिलें नव्हतें व विचारणारहि नाहीं. त्यानें तो डबा न उघडतां बाजूला ठेविला आणि आईपुढें हात केला. "मलाहि थोडें घाल," तो म्हणाला.