घर भाड्यानं देणाऱ्या श्राविकेसाठी



गेल्या काही महिन्यांत मंडळातल्या तिघी-चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. कुणाला माहेरच्या जमिनीचा वाटा मिळाला आहे, कुणाच्या मिस्टरांच्या निवृत्तीची रक्कम बँकेत पडून आहे. "पुण्यात एक फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा का? तुमचा आहे ना, कसं जमवता?" आमचा पुण्यातला फ्लॅट नऊ वर्षांपासून भाड्यानं आहे आणि त्याचा सगळा व्यवहार सांगलीत बसून मीच बघते. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. साठ लाखांचा फ्लॅट आणि महिना अठरा हजार भाडं धरा. वर्षाचे दोन लाख सोळा हजार झाले. पण भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामं राहतंच, म्हणून अकरा महिन्यांचे एक लाख अठ्ठ्याण्णव हजारच धरावेत. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स तीस हजार, महापालिकेचा कर दहा हजार आणि नळ, रंग, गिझर मिळून पंधरा हजार वजा केले, तर हातात एक लाख त्रेचाळीस हजार राहतात. म्हणजे साठ लाखांवर अडीच टक्केसुद्धा नाहीत. बँकेतली ठेव याहून जास्त देते. जागेची किंमत वाढेल ही आशा वेगळी. पण आशेवर महिन्याचा किराणा भरता येत नाही.

कर्ज काढून घेणार असाल तर आणखी सावध राहा. पंचेचाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे एकोणचाळीस हजार येतो. भाडं अठरा हजार, म्हणजे दरमहा एकवीस हजार खिशातून. "भाड्यातून हप्ता फिटतो" असं सांगणाऱ्याला हे गणित कागदावर मांडायला सांगा.

घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती जरूर घ्या. मात्र पैसे मिस्टरांचे आणि नाव तुमचं असेल, तर भाड्याचं उत्पन्न आयकरात मिस्टरांच्याच उत्पन्नात धरलं जातं. भरलेला महापालिका कर वजा करून उरलेल्या भाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीला खर्च केला असो वा नसो. हे सगळं सीए समजावून देईल.

सीए जे सांगत नाही ते आपल्याकडे फार जुन्या काळापासून लिहून ठेवलेलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक अणुव्रताचे पाच-पाच अतिचार दिले आहेत. स्वाध्यायात आपण ते म्हणून जातो. घर भाड्यानं द्यायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यातले कितीतरी घरमालकासाठीच सांगितल्यासारखे आहेत.

सत्याणुव्रताचा एक अतिचार आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद करणं. करारात भाडं दहा हजार लिहायचं आणि वरचे आठ हजार रोख घ्यायचे, ही कूटलेखक्रियाच झाली. शिवाय करही बुडतो. तो अचौर्यातला विरुद्धराज्यातिक्रम. एका सहीत दोन व्रतांना डाग लागतो. आणि वाचतं तरी किती? अठरा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास होतं आणि शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये. करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, एजंट बोटांचे ठसे घ्यायला घरी येतो. नवा भाडेकरू आला की त्याची माहिती पोलिसांकडेही द्यायची.

अचौर्याचा आणखी एक अतिचार म्हणजे हीनाधिकमानोन्मान, माप कमी-जास्त करणं. घर घेताना बिल्डरकडून कार्पेट एरियाच लेखी घ्या. रेराच्या कायद्यानं विक्री कार्पेट एरियावरच व्हायला हवी. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. आणि हेच माप आपण भाडेकरूलाही सांगायचं. "पाणी चोवीस तास" असं सांगून मे महिन्यात टँकर येत असेल, तर तेही आधीच सांगून टाकावं.

पाण्यावरून आठवलं. अहिंसाणुव्रताचा पाचवा अतिचार आहे अन्नपाननिरोध, कुणाचं अन्नपाणी अडवणं. भाडं थकलं की मालक पहिल्यांदा पाण्याची नाहीतर विजेची तोटी आवळतात. भाडे नियंत्रण कायदाही अशा अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई करतो. भाडं थकलं तर नोटीस द्यावी, वकील गाठावा. नोंदणीकृत करार असला की रस्ता मोकळा असतो. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. पण लहान मूल असलेल्या घराचं पाणी बंद करून वसुली, हे श्राविकेचं काम नव्हे.

आता जेवणाचा प्रश्न, कारण तो प्रत्येक जण विचारते. आमच्या फ्लॅटमध्ये मांसाहार चालत नाही आणि ते मी पहिल्या फोनवरच सांगते, करारातही लिहिते. पण आडनाव विचारून "जागा गेली" असं खोटं सांगणं मला पटत नाही. अट त्या स्वयंपाकघरापुरती आहे, समोरच्याच्या जातीशी तिचा संबंध नाही. ज्याला ती मान्य आहे, तो कुणीही असो. मागच्या खेपेला एका इस्पितळात काम करणाऱ्या दोन परिचारिका राहिल्या. त्यांनी अट ऐकली, मान्य केली आणि दोन वर्षं घर आरशासारखं ठेवलं. कांदा-लसूण, बटाटा, रात्रीचं जेवण यांवर मी बोलत नाही. ते नियम मी घेतलेत, त्यांनी नाही. आणि मान्य झाल्यावर कुणाचा फ्रीज उघडून बघायला जायचं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट डिपॉझिटची. सत्याणुव्रतात न्यासापहार नावाचा अतिचार आहे. न्यास म्हणजे ठेव. ठेवणारा किती ठेवलं होतं ते विसरला, कमी मागू लागला आणि आपण गप्प राहून कमीच दिलं, तरी तो न्यासापहार. डिपॉझिटला आपण बोलताना 'आलेले पैसे' म्हणतो, पण ते आपले नसतातच. मी साठ हजार घेतले की दुसऱ्या दिवशी वेगळी मुदत ठेव करते. त्याला हात लावत नाही.

तीन वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं घर सोडून गेलं. त्यांच्या लेकीनं बेडरूमच्या भिंतीवर रंगीत खडूंनी भरपूर चित्रं काढली होती आणि बेसिनचा नळ तुटला होता. धाकटे दीर किल्ल्या घ्यायला माझ्याबरोबर होते. ते म्हणाले, "वहिनी, एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापा. पुण्यात सगळेच कापतात." ते चुकीचं सांगत नव्हते, पद्धत तशीच आहे. पण आमच्या करारात रंगाची अट नव्हती. मी नळाचे एक हजार नऊशे बिलासकट दाखवून वजा केले आणि अठ्ठावन्न हजार शंभर त्याच दिवशी त्यांच्या खात्यावर पाठवले. भाऊजी परतीच्या गाडीत जरा नाराजच होते. "तुम्ही धर्म करताय की धंदा?" असं म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, धंदाच. पण ठेव त्यांची होती." रंगाला तेव्हा चौदा हजार लागले आणि ते मला जाणवले, हे खोटं कशाला सांगू? पुढच्या करारात मी रंगाची रक्कम आकड्यासह लिहिली. आधी लिहून, मान्य करून घेतलं तर तो व्यवहार झाला. नंतर हळूच कापलं तर न्यासापहार. भाडेकरू राहायला येताना प्रत्येक खोलीचे, नळाचे, पंख्याचे फोटो काढून दोघांनी मोबाइलवर ठेवले, की शेवटी वाद उरत नाही.

सोसायटीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. राज्य सरकारचा २००१ सालचा आदेश आहे. जास्त मागितले तर शांतपणे तो दाखवा.

शेवटी परिग्रह-परिमाण. त्याच्या अतिचारांच्या यादीत सोन्या-चांदीच्याही आधी क्षेत्र आणि वास्तू येतात, म्हणजे जमीन आणि घर. पहिल्या फ्लॅटचं भाडं सुरू झालं की दुसऱ्याची जाहिरात डोळ्यांत भरू लागते. आम्ही दोघांनी दशलक्षणात एका वहीत लिहून ठेवलं आहे, की राहतं घर एक आणि भाड्याचं एक, बस्स. तुमचा आकडा वेगळा असेल. पण तो बिल्डरच्या ऑफिसात जाण्याआधी ठरवा, कारण तिथला चहा पिऊन झाल्यावर ठरत नाही.